चित्राला रिसीव्हरच्या दारात कशाला थांबवायचं?

होम थिएटर बसवून देणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, सगळं रिसीव्हरला लावून टाकू, टीव्हीला एकच वायर." ऐकायला झकास वाटतं. सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमचा कन्सोल, झाडून सगळ्यांच्या एचडीएमआय वायरी रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पेटीच्या, पाठीत जायच्या आणि तिथून एकच वायर भिंतीवरच्या टीव्हीकडे. बहुतेक घरांसाठी हा सल्ला आता शिळा झाला आहे असं माझं मत आहे. आवाज खुशाल रिसीव्हरकडे जाऊ द्या. चित्र मात्र सरळ टीव्हीत जावं.

एके काळी या सल्ल्यात काही खोट नव्हती. कॉम्पोनंट व्हिडिओच्या काळात चित्राच्या लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना, आवाजाच्या वेगळ्या, आणि टीव्हीला अशी जागा एक, फार तर दोन. रिसीव्हर नसता तर दर वेळी टीव्हीमागे हात घालून पिना उपसत बसावं लागलं असतं. मग 2006 साली एचडीएमआय 1.3 आलं. डॉल्बी ट्रूएचडीसारखा, डिस्कवरचा एकही कण न गाळलेला आवाज त्यातून जाऊ लागला. जुन्या ऑप्टिकल वायरीत तो मावत नसे, त्यामुळे आवाज हवा तर चित्रालाही रिसीव्हरमार्गेच नेणं भाग होतं. 2009 च्या 1.4 आवृत्तीत एआरसी आलं, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे येऊ लागला. पण ती वाट अरुंद होती, दाबून लहान केलेल्या आवाजापुरतीच. 2017 च्या 2.1 मधल्या ईएआरसीने ती सेकंदाला 37 मेगाबिटपर्यंत रुंद केली आणि ट्रूएचडी जसाच्या तसा टीव्हीतून रिसीव्हरकडे येऊ लागला. सक्तीचं कारण तिथेच संपलं. बसवणाऱ्यांच्या तोंडी सल्ला मात्र तोच राहिला.

रिसीव्हरमधून चित्र जातं तेव्हा ते नुसतं या तारेतून त्या तारेत जात नाही. मार्केट यार्डातल्या अडत्यासारखं आहे. माल जसाच्या तसा पुढे पाठवायचा असला, तरी त्याच्या वहीत चढल्याशिवाय गाडी हलत नाही. टीव्ही आधी आपली कुंडली पाठवतो: मला इतकं रिझोल्यूशन चालतं, इतके रंग, इतका वेग. रिसीव्हर तीत स्वतःच्या मर्यादा मिसळून ती प्लेअरला दाखवतो. मग कॉपीराइटच्या किल्ल्यांची देवाणघेवाण होते. 4के चित्रपटाला बहुधा एचडीसीपी 2.2 लागतं, आणि ते साखळीतल्या प्रत्येक यंत्राला यावं लागतं. टीव्ही नवा, प्लेअर नवा आणि मधला रिसीव्हर 2012 चा असेल, तर पडदा काळा, नाहीतर चित्र 1080 वर उतरलेलं. शिव्या बसतात टीव्हीला.

रिसीव्हर नवा असला तरी सुटका नाही. डेनॉन-मरांट्झच्या मेनूत 4के सिग्नल फॉर्मॅट नावाची एक ओळ आहे. ती 'स्टँडर्ड'वर असेल, तर सेकंदाला 60 फ्रेमचं एचडीआर चित्र पूर्ण ताकदीने पुढे सरकत नाही. 'एन्हान्स्ड' करावं, तर टीव्हीच्या त्याच पोर्टलाही तसाच बदल हवा, आणि टीव्हीत त्याचं नाव प्रत्येक कंपनीने वेगळं ठेवलेलं. एवढ्या महागड्या यंत्रांनी हे आपापसात ठरवायला हरकत नव्हती.

2020 सालचं प्रकरण तर मासलेवाईक आहे. एचडीएमआय 2.1 चे पहिले रिसीव्हर डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाने बाजारात आणले. त्याच सुमारास एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एनव्हिडियाची नवी ग्राफिक कार्डं येत होती. 4के, सेकंदाला 120 फ्रेम, असं चित्र रिसीव्हरमधून सोडलं की पडदा काळा. जर्मनीच्या 'सीटी' मासिकाने ऑक्टोबरात ही गोष्ट उजेडात आणली. दोष एचडीएमआयच्या चिपमध्ये होता, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलून तो जाणारा नव्हता. पुढे 2021 मध्ये डेनॉन-मरांट्झने ग्राहकांना मध्ये लावायला एक छोटी डबी फुकट दिली, यामाहाने बोर्ड बदलून दिले. तोवर काय करायचं? कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि आवाज ईएआरसीने घ्या, असं सांगण्यात आलं. मी तरी वेगळं काय सांगतो आहे?

रिसीव्हरमध्ये दोन वेगळ्या आयुष्यांची यंत्रं एका पेटीत कोंबलेली आहेत. अ‍ॅम्प्लिफायर नीट वापरला तर पंधरा वर्षं सहज चालतो. एचडीएमआयचा बोर्ड चार-पाच वर्षांत मागे पडतो, आणि त्याच्यापायी चांगला अ‍ॅम्प्लिफायर भंगारात जातो. चित्र त्यातून काढून घेतलं की जुना रिसीव्हरही कामाचा राहतो.

घरातल्या बाकीच्या माणसांचाही विचार करा. आजींना साडेसातची मालिका बघायची, तर त्यासाठी सात चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर का तापवायचा? रिसीव्हर बंद असताना चित्र पुढे सोडणारी पास थ्रूची सोय असते, पण ती चालू आहे हे आजींना कळणार कसं? पडदा काळा दिसला की त्या फोन लावणार मुलाला, तो ऑफिसात.

आता उलट बाजू. सगळे टीव्ही सगळा आवाज पुढे पाठवत नाहीत. सॅमसंगने 2018 पासून टीव्हीतून डीटीएस, म्हणजे बऱ्याच डिस्कवर असणारा आवाजाचा प्रकार, काढून टाकला. ज्यांच्याकडे डिस्कचा संग्रह आहे, त्यांनी तेवढा प्लेअर रिसीव्हरलाच लावावा. शिवाय बऱ्याच टीव्हींत वेगवान पोर्ट दोनच, आणि ईएआरसीचं पोर्ट त्यांतलंच एक. दोन कन्सोलवाल्यांची तिथे पंचाईत होते. आवाज टीव्हीतून फिरून येताना मागे पडला, तर रिसीव्हरला काही करता येत नाही. तो आवाज लांबवू शकतो, अलीकडे आणू शकत नाही. आणि प्रोजेक्टरवाल्यांना तर हा लेख लागूच नाही. छतावरच्या प्रोजेक्टरला लांब वायर एकच न्यायची असते, तिथे सगळं रिसीव्हरमधून जाणंच शहाणपणाचं.

आवाज असा टीव्हीतून आणायचा म्हटलं, तर टीव्ही आणि रिसीव्हर या दोहोंमधल्या त्या एका वायरीवर सगळी भिस्त. फ्लॅटचं इंटीरियर चालू असताना इलेक्ट्रिशियन भिंतीत पाऊण इंची पाइप टाकून मोकळा होतो आणि त्यातून एचडीएमआयचं तोंड जात नाही. पाइप मोठा घ्यायला सांगा, आत ओढतार ठेवायला लावा. लांबी पाच मीटरच्या पुढे गेली तर तांब्याची साधी वायर पूर्ण वेगाला पुरत नाही, फायबरची घ्यावी लागते. तिला दिशा असते, एक टोक यंत्राकडचं, एक पडद्याकडचं. ईएआरसी तर उलट्या दिशेने वाहणारं, आणि प्रत्येक फायबर वायर ते नेतेच असं नाही. तेव्हा पीओपीवाला येण्याआधी टीव्ही जमिनीवर ठेवून, तीच वायर दोन्हीकडे लावून, आवाज येतो का ते बघून घ्या.