कोंबडी विकताना तिचं वय पण सांगा



आज कापूस-मोसंबी बाजूला ठेवतो. विषय कोंबडीचा आहे.

दिवाळीला पोरगा-सून पुण्याहून आले होते. जाताना घरची एक गावरान कोंबडी साफ करून बर्फात घालून दिली. सूनबाईनं पोटात मसाल्याचा भात अन् उकडलेली अंडी भरून ओव्हनमध्ये 180 अंशावर सव्वा तास भाजली. वरून लालबुंद झाली, पण दात काही लागेना. फोन आला, "मामा, कोंबडी चांगली नव्हती का?"

कोंबडी चांगलीच होती, चूक माझी. दोन वर्षं अंडी दिलेली कोंबडी होती, अन् मी ते सांगितलंच नाही.

ओव्हनच्या बहुतेक रेसिपी ब्रॉयलरच्या असतात. तो 40-45 दिवसांत दोन किलोचा होतो, मांस कोवळं राहतं. आपली कोंबडी दिवसभर फिरती, उकरती. वय वाढंल तसे मांसातले धागे चिवट होतात. कोरड्या आचेवर ते आणखी आवळतात, पण रश्श्यात मंद आचेवर दोन-तीन तास ठेवले की मऊ पडतात. म्हणून तर आपल्या आया जुनी कोंबडी येसर घालून चुलीवर रटरटू द्यायच्या.

भरून भाजायची तर पाच-सहा महिन्यांची तलंग घ्या. सारण ठासून भरू नका. कच्च्या मांसाचं पाणी त्यात मुरतं, म्हणून सारण मधोमध 74 अंशापर्यंत तापलंच पाहिजे.

आता माझं म्हणणं. आपण तलंग, म्हातारी कोंबडी, वनराजा, गिरिराजा, सगळं 'गावरान' म्हणूनच विकतो. वनराजा हैदराबादची, गिरिराजा बंगळूरची सुधारित जात. परसात पाळायला चांगल्या आहेत, पण नाव सांगून विका ना! आपला जालना बियाण्याचा जिल्हा. पिशवीवर वाण अन् तारीख नसली तर आपण दुकानदाराशी भांडतो. मग आपल्या गिऱ्हाइकानं काय पाप केलंय?

कोणी म्हणंल, वय सांगितल्यावर जुनी कोंबडी घेतं कोण? रश्शावाला घेतो, अन् मागून घेतो. फसलेलं गिऱ्हाईक मात्र परत येत नाही.

संक्रांतीला सूनबाईला तलंग पाठवली, सोबत चिठ्ठी: "साडेपाच महिने." या वेळी फोन आला तो दुसरी मागायला.

तुम्ही विकताना वय सांगता का? कमेंटमध्ये लिहा.