जुलाब थांबले, म्हणजे संसर्ग थांबला काय?

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांकडे पावसाळ्यात उलटी-जुलाबाची बालके येतच असतात. जलसंजीवनी, लाजमंड, पातळ पेज हे सर्व आपण सांगतो. मात्र मूल पुन्हा अंगणवाडीत केव्हा पाठवावे, हे सांगणारे आपल्यात थोडेच.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्पर्श, सहभोजन, सहशय्या यांमुळे संक्रमित होणारे रोग सांगितले. त्यांत कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांचा नामोल्लेख आहे, अतिसाराचा नाही. तेवढ्यावरून काही वैद्यबंधू बालातिसार केवळ अजीर्णजन्य मानतात. परंतु तेथेच ‘औपसर्गिक रोग’ असा व्यापक शब्दही आहे. आणि रोटाव्हायरस व नोरोव्हायरस मलातून हातावर व हातावरून दुसऱ्या बालकाच्या मुखात जातात, याविषयी आज वाद उरलेला नाही. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली, तरी जुलाबाची इतर कारणे शिल्लकच आहेत.

आमचा खरा आक्षेप स्तंभनाच्या घाईवर आहे. आमावस्थेत आरंभीच संग्राही औषध देऊ नये, असे चरकाचार्य बजावतात. तरीही कुटजाने सकाळी मल बांधला गेला, की दुपारी मूल अंगणवाडीच्या पंगतीत बसते! लक्षण शमले तरी मलातून विषाणू काही दिवस बाहेर पडत राहतो. म्हणून शेवटच्या उलटी-जुलाबानंतर किमान ४८ तास मूल घरी ठेवावे, असा संकेत अनेक देशांत पाळला जातो. तो आपणही चिठ्ठीवर लिहावा.

येथे अडचण आहे ती पोटाची. मासळी विकणारी आई पहाटेच बंदरावर जाते. ती घरी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, आणि मूल घरी राहिले तर त्याचा अंगणवाडीतील गरम आहार बुडतो. तिला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, अंगणवाड्या बंद असताना शिधा घरपोच दिला गेला होता. मग आजारी बालकाचा दोन दिवसांचा आहार घरी नेण्याची मुभा का नसावी? तशी मागणी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे संघटनेने लेखी करावी. आईच्या बुडालेल्या मजुरीवर मात्र आमच्याजवळ तोडगा नाही. आजी किंवा शेजारीण सांभाळणार असेल, तर साबणाने हात धुण्याचे तिलाच समजावून सांगावे.