निळ्या बाटलीतलं तांबं आणि तुमचे केस

“डॉक्टर, ह्या लायल्यार केस येतले मां?” पिंगुळीकडच्या पेशंटकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. पिशवीतून ‘कॉपर पेप्टाइड’ची निळसर बाटली निघते. तिच्यावर छापलेलं असतं, ‘संशोधनाने सिद्ध’. माझं भांडण बाटलीशी नाही, या दोन शब्दांशी आहे.

संशोधन झालंय, हे खरं. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाला माणसाच्या रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सापडली. ती तांब्याला धरून ठेवते; हीच जीएचके-कॉपर. पेशी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिने जखम भरायला, कोलॅजेन तयार व्हायला मदत केली. चेहऱ्याच्या सुरकुत्यांवर काही लहान अभ्यास झाले, थोडाफार फरक दिसला. आणि केस? २००७ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी तिच्याच एका भावंडावर काम केलं, केसांची मुळं वाढली. पण कुठे? प्रयोगशाळेतल्या भांड्यात. तिथे औषधाला टाळूची त्वचा भेदून आत जावं लागत नाही. मग तुमच्या डोक्यावर ते ‘सिद्ध’ कसं झालं, हे विक्रेत्याला विचारा की!

तांबं म्हणजे चांगलंच, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. पण बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात कोकमाची कढी कोणी ठेवतं का? आंबटाने तांबं उतरतं आणि पोट बिघडतं, हे घरच्या आजीला ठाऊक असतं.

बाटली लावून फार तर पैसे जातील, थोडी खाज येईल. पण ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेली पावडर ऑनलाइन मागवून टोचून घेणाऱ्यांना मी हात जोडतो. १९४० च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची वस्तू. टोचायची नव्हे! अशी कुपी निर्जंतुक आहे याची हमी तुम्हाला कोण देणार?

मला खरा राग येतो तो वाया गेलेल्या महिन्यांचा. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात; श्रेय मात्र बाटलीला. आणि ज्या बाईचं रक्त कमी आहे किंवा थायरॉइड बिघडलंय, ती सहा महिने निळे थेंब चोळत बसते. पुरुषांच्या टकलावर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांचे माणसांवर मोठे अभ्यास झालेले आहेत. ती औषधं स्वतःच्या मनाने घेऊ नका, फिनास्टेराइड तर गरोदर बाईने अजिबात नाही.

बाटली घेऊन आलात तरी मी रागावणार नाही. फक्त येताना हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएचचे रिपोर्टही आणा.