वटवाघळाचे कान

बऱ्याच दिवसांनी टंकायला बसलोय, आणि बसलोय ते भांडायलाच. भांडण घरच्यांशी आहे. पण आमच्या घरचे निम्मे लोक इथेच वाचतात, समोर बसून कोणी ऐकत नाही, त्यामुळे हाच मार्ग बरा.

तर झालं असं. येत्या महिन्यात मला पंच्याहत्तर पुरी होतात. त्यानिमित्त पुतणे, भाचे, सुना, नातवंडं अशा सगळ्यांनी मिळून वर्गणी काढलीय, हे मला धाकट्या सुनेच्या तोंडून कळलं. गुपित होतं म्हणे! आमच्या घरात गुपित दीड दिवसाच्या गणपतीएवढंच टिकतं. त्या वर्गणीतून माझ्यासाठी 'हाय-रेझोल्युशन' संगीत वाजवणारं खिशात मावणारं यंत्र घ्यायचं ठरलंय. किंमत चाळीस हजारांच्या आसपास, वर त्याला शोभेलसे हेडफोन, ते आणखी पंधरा. आजोबांना गाण्याचं वेड, आजोबांनी आयुष्यभर खरखर ऐकली, आता तरी चांगलं ऐकू दे, असा त्यामागचा भाव. भावाबद्दल तक्रार नाही. तक्रार खरेदीबद्दल आहे.

नातू ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. तो मला वाशीतल्या एका दुकानात घेऊन गेला (दुकानाचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांचा धंदा आहे). तिथल्या मुलाने आधी कागदावर चित्र काढून दाखवलं. एक वळणदार लाट, तिच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या. "सर, सीडीत आवाज असा तुटक असतो. हाय-रेझमध्ये पायऱ्या बारीक, म्हणून आवाज गुळगुळीत." मग एकच इंग्रजी गाणं दोनदा वाजवलं, आधी एमपीथ्री, मग २४ बिट. दुसऱ्यांदा खरंच छान वाटलं. नातू माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, बाळा, पहिल्याचा आवाज मुद्दाम लहान ठेवलायस का? तो म्हणाला, नाही सर, फाईलच तशी आहे. आता मी पस्तीस वर्षं वर्गात काढलीत. मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे पाठमोरा असताना ओळखायचो, एवढं तर मला कळतंच. आवाज किंचित मोठा असला की कानाला तोच चांगला वाटतो, ही या धंद्यातली जुनी युक्ती. त्या पोराने ती जाणूनबुजून केली असं मी म्हणत नाही, पण खरेदी तिच्यावरच होणार होती.

आणि ते पायऱ्यांचं चित्रही खोटं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, गणित माझा प्रांत नव्हे. पण हे वाचून आणि नातवाकडून दोनदा समजावून घेतलंय. सीडीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत सांगतो, की नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याच्या खाली जेवढी कंपनं आहेत तेवढी पूर्णपणे, जशीच्या तशी परत उभी करता येतात. म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खालचं सगळं. यंत्रातून बाहेर पडणारी लाट गुळगुळीतच असते, तिला पायऱ्या नसतात. माणसाचा कान भर तारुण्यात २०,००० पर्यंत ऐकतो. माझी तपासणी गेल्या वर्षी झाली. तिथलं यंत्र ८,००० पर्यंतच तपासतं, आणि त्यातही ४,००० च्या वर माझा आलेख आमच्या घणसोलीच्या खाडीकडे उतरत गेला होता.

आता त्या हेडफोनच्या खोक्यावर काळा-सोनेरी बिल्ला असतो, जपानच्या ऑडिओ सोसायटीचा. तो मिळवायचा तर ४०,००० हर्ट्झपर्यंत मजल हवी. चाळीस हजार! एवढं कुत्र्याला ऐकू येतं, वटवाघळाला तर त्याच्याही कितीतरी पुढचं. मी दोघांपैकी कोणी नाही.

उरले बिट. १६ बिट म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाची ६५,५३६ मापं, २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्याने गाणं दोनशेपट सुंदर होत नाही. तळाची खरखर आणखी खाली जाते, इतकंच. १६ बिटांतच ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या ९६ डेसिबल खाली असते. आणि मी ऐकणार कुठे? बोनकोड्यात! ठाणे-बेलापूर रस्त्याचा अखंड घोष, वर कुठल्यातरी मजल्यावर टाइल्स कापण्याचं काम (ते बारा महिने चालतं), आणि लग्नसराईत हळदीचा डीजे. त्या डीजेपुढे ९६ डेसिबल खालची खरखर ऐकायला माझ्यात कोणती सिद्धी आहे?

घरी आल्यावर नातवाशी पैज लावली. माझ्याच एका सीडीवरून त्याने दोन फाईली केल्या, एक फ्लॅक, म्हणजे काही न गाळता दाबलेली, आणि एक ३२० ची एमपीथ्री. आवाज सारखा केला. मी डोळे मिटून बसलो. दहा वेळा वाजवलं, पाच वेळा मी बरोबर. मग त्याला बसवलं. सहा. तो म्हणाला, "हेडफोन साधे आहेत म्हणून." असो.

आमची पैज घरगुती, पण मोठ्यांनीही हे करून पाहिलंय. बॉस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ साली आपले प्रयोग छापले. हाय-रेझ तबकडीचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचा, ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मास्तरांनी सोयीचं तेवढं उचललं. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या राईस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. त्यात बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि सराव दिलेल्या कानांचं त्याहून बरं. म्हणजे फरक शून्य नाही. पण शंभरात दोन उत्तरांसाठी चाळीस हजार?

नील यंग नावाचे मोठे गायक आहेत कॅनडाचे. त्यांनी २०१४ साली असंच यंत्र काढलं, पोनो. लोकांनी बासष्ट लाख डॉलर आधीच उचलून दिले. २०१७ साली सगळं गुंडाळलं. ज्यांनी तो तिकोनी डबा घेतला त्यांच्या खणात तो असेल.

बरं, माझ्याकडे वाजवायला आहे काय? हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. बालगंधर्वांच्या, केसरबाईंच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला साडेतीन मिनिटं आणि वर लाखेची खरखर. त्या तबकडीत नाही ते १९२ किलोहर्ट्झमध्ये आणणार कुठून? मिनिटाला दहाऐवजी एकोणसत्तर एमबी खर्चून आपण ती खरखर मात्र फार बारकाईने साठवू. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती सोनेरी तबकडी तर १६⅔ फेऱ्यांची, म्हणजे जास्त गाणी मावावीत म्हणून वेग कमीच केलेला. परग्रहवासीयांना जे चालेल ते मला चालत नाही?

आणि गीतरामायण! १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी दिली. मी पाळण्यातून नुकता बाहेर आलो होतो, पण आमचे वडील सांगायचे, गावात ज्या एका घरी रेडिओ होता तिथे लोक चपला काढून बसत. मध्यम लहरींवरून येणारा तो आवाज, त्यात वरचे स्वर तर गळूनच यायचे. माडगूळकर-फडक्यांचं काही कमी पोचलं का?

माझं म्हणणं जुनं ते सोनं असं मुळीच नाही, हे कृपया लक्षात घ्या. वाईट एमपीथ्री वाईटच. पूर्वी १२८ च्या आतल्या फाईली मिळायच्या, त्यांत तानपुऱ्याच्या जवारीचं पार पाणी व्हायचं, सूं सूं असा बुडबुड्यांचा आवाज. ते सहन होत नाही. सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाईल असली की झालं. आणि ब्लूटूथचे हेडफोन लावून हाय-रेझ ऐकणारे पाहिले की मला हसू येतं. त्या बिनतारी वाटेत आवाज पुन्हा दाबून, गाळूनच जातो. म्हणजे नदीचं पाणी चांदीच्या घागरीत भरायचं आणि चाळणीतून प्यायचं.

वेगळं यंत्र मात्र मला हवंय, फोन नको. भैरवी रंगात आली की बँकेवाली बाई कर्ज देऊ करते. माझ्या मागण्या साध्या. बोटांना लागतील अशी खरी बटणं. कार्ड घालायची खाच. हेडफोनची साधी गोल खाच. एक भाग संपून दुसरा लागताना मध्ये ठेच लागता कामा नये, ख्याल विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच अर्धा सेकंद मुका झालेला मला सोसत नाही. आणि नावं देवनागरीत दिसावीत. वाशीच्या दुकानातल्या दोन महागड्या यंत्रांवर माझ्या कार्डातली नावं नुसते चौकोन चौकोन दिसली. चाळीस हजारांच्या वस्तूला 'मालकंस' वाचता येत नाही! हे सगळं पाच-सात हजारांत मिळत असेल तर घ्या, आनंदाने वापरीन.

आता खरं बोलतो, कारण एवढ्यासाठी मी भांडत नव्हतो. उरलेले पैसे मला हवेत.

माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात अकरा कॅसेटी आहेत. १९८६ च्या लग्नसराईत मी उसना टेपरेकॉर्डर घेऊन आत्याच्या मागे फिरलो होतो, त्या. आत्या धवलारीण होती, हे घरातल्या लहानांना बहुधा ठाऊकही नाही. आपल्या आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवलारिणीच्या गाण्यावर चालायचे. पुस्तक नाही, पोथी नाही, सगळं तोंडपाठ. रात्रभर एकाच जागी मांडी घालून बसायची आणि पहाटे आवाज फुटलेला असायचा तरी सूर हलायचा नाही. आम्हाला बी.ए.ला महदंबेचे धवळे होते. तेराव्या शतकातली मराठीची पहिली कवयित्री, रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. प्राध्यापक शिकवत होते आणि मी मनात म्हणत होतो, अहो, हे तर आमच्या मांडवात अजून चालू आहे! तेव्हा होतं. सिडको आली, शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांचा मोबदला निदान कागदावर तरी लिहिला गेला. धवळ्याचा कुठल्या कागदावर लिहिणार?

त्या कॅसेटी गेल्या बारा वर्षांत मी वाजवलेल्या नाहीत, कारण वाजवायला भीती वाटते. शेवटची वाजवली तेव्हा फीत यंत्रात गुंडाळली गेली होती. पावसाळ्यात डब्याला घाम येतो. फितीवरचा थर किती वर्षं धरून राहील याची खात्री कोणी देत नाही.

आणि गंमत बघा. इथे मला ते २४ बिट हवेत! ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसच आहे की जुन्या फिती उतरवताना किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा, मोठ्या संस्था ९६ ठेवतात. कारण उतरवताना आवाजाची पातळी चुकू शकते, पुढे साफसफाई करायची असते, तेव्हा हाताशी जास्तीची जागा लागते. शिवण्याआधी कापड जास्त घेतो तसं. शिवून झालेल्या सदऱ्याला ते जास्तीचं कापड लोंबत ठेवायची गरज नाही, एवढंच मी इतका वेळ सांगतोय. चांगला डेक हवा, त्याच्या हेडचा कोन प्रत्येक कॅसेटीप्रमाणे स्क्रूने जुळवता येणारा माणूस हवा (तो कोन चुकला की वरचे स्वर जातात, मग पुढे कितीही बिट ओता), आणि सगळ्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरी हव्यात. हे काम तुमच्या वर्गणीत बसतं. मी चौकशी केलीय.

त्यातूनही उरले तर एक बरा मायक्रोफोन आणि नोंदणी करायचं छोटं यंत्र घ्या. माझ्या माहितीत आपल्या आजूबाजूच्या गावांत अजून दोन धवलारिणी आहेत. एक ऐंशीच्या पुढची. मागच्या आठवड्यात मी तिच्या ओटीवर जाऊन आलो. म्हणाली, "मास्तर, मना आता दम लागते, पन बसवाल तं गाईन." तिला मानधन द्यायचं, नारळ-लुगडं द्यायचं, आणि डीजे नसलेला वार बघायचा.

नातवाला हे काल वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, पणजीआत्याचा आवाज कसा होता?" मी गाऊन दाखवायचा प्रयत्न केला, पण तो पुरुषाच्या गळ्यातला प्रकार नव्हे.

तर दुकानात आगाऊ रक्कम भरली असेल तर ती परत मिळते का ते आधी बघा. आणि कोणाच्या माळ्यावर जुना कॅसेट डेक असेल तर कळवा. पट्टा तुटलेला असला तरी चालेल, पट्टा मिळतो.