परवाना दिलात, मग कारागीर कुठाय?

मंडळी, ‘गावठी बंदूक जप्त’ ही बातमी मीही कित्येकदा लिहिलीय. पण आमच्या सिंधुदुर्गात परवान्याची ठासणीची बंदूकही आहे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, केप लावून बार काढायचा. बागेतले माकड, रानडुक्कर पळवायला.

शस्त्र कायदा १९५९, कलम १३ पीकसंरक्षणासाठी ती मान्य करतं. कलम ५ म्हणतं, बनवायला आणि दुरुस्तीलाही परवाना हवा. बरोबरच आहे!

पण परवा शेजारच्या काकांनी बंदूक दाखवली. नळी गंजलेली, घोडा ढिला. जुना कारागीर वारला, पोरगा मुंबईला. चोरून दुरुस्ती केली तर गुन्हा, तशीच वापरली तर हात जायची भीती.

तालुक्याला एक अधिकृत कारागीर द्या. एवढंच मागणं.