दवाखान्याची पिशवी आणि दूर गेलेली मुले

दसरा-दिवाळी आटोपली की वडवणी तालुक्यातील वस्त्या आणि तांडे अर्धे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गाळप संपेपर्यंत परतत नाहीत. मागे उरतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. अशा प्रत्येक घरात खुंटीला एक कापडी पिशवी लटकलेली असते. तीत दवाखान्याच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे तुकडे एकत्र कोंबलेले असतात. घरातील आजारपणाचा सारा इतिहास त्या पिशवीत असतो.

एखाद्या रात्री आजीला घेरी येते, छातीत दुखू लागते. शेजारी धावून येतात आणि तिला दवाखान्यात नेतात. पिशवी घरीच राहते. डॉक्टर विचारतात, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आजी सांगते, "बीपीची पांढरी गोळी आणि एक बारकी लाल." शेजारी मुलाला फोन लावतो. उसाच्या फडाजवळ कोपीत झोपलेला मुलगा म्हणतो, "सगळे कागद पिशवीत आहेत." त्याच्या आवाजातील अगतिकता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. मुले पुण्यात असोत, मुंबईत असोत वा परदेशात, या प्रसंगाचे स्वरूप फारसे बदलत नाही.

ही अडचण बऱ्याच अंशी दूर करण्याचे साधन आज बहुतेक घरांतील मोबाइलमध्ये आहे. त्याला 'क्लाउड' म्हणतात. नाव आकाशातल्या ढगाचे असले, तरी कल्पना साधी आहे. कागदाचे छायाचित्र केवळ आपल्या फोनमध्ये न राहता कंपनीच्या दूरच्या संगणकांवर आपल्या खात्यात जमा होते. बँकेतील खाते जसे कोणत्याही शाखेतून पाहता येते, तसे हे खाते कोणत्याही फोनवरून उघडता येते. फोन पाण्यात पडला किंवा हरवला तरी कागद शाबूत राहतात. अँड्रॉइड फोनमध्ये यासाठी 'गूगल ड्राइव्ह' हे ॲप बहुधा आधीच असते. त्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. ईमेल आणि छायाचित्रेही याच जागेत मोजली जातात, तरी दवाखान्याच्या हजारो पानांना ती पुरून उरते. जागा भरते ती चित्रफितींनी आणि रोजच्या शुभेच्छांच्या चित्रांनी.

कोणते कागद आधी ठेवावेत?

सगळी पिशवी एका दिवसात रिती करण्याचा अट्टहास नको. पहिल्या बैठकीत पुढील कागद पुरेसे आहेत.

१. सध्या चालू असलेल्या औषधांची शेवटची चिठ्ठी आणि त्या गोळ्यांच्या पाकिटांची छायाचित्रे. नाव व शक्ती वाचता येईल अशी बाजू घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ही नोंद सर्वांत वर हवी. पडून डोक्याला मार लागल्यास किंवा शस्त्रक्रियेची वेळ आल्यास डॉक्टरांना ही माहिती सर्वप्रथम लागते.

२. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक साधा कागद.

३. आजवरची सर्व डिस्चार्ज कार्डे.

४. रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट, विशेषतः साखर आणि क्रिएटिनिन. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम कळते. ते वाढलेले असेल तर काही वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून द्यावयाच्या औषधाबाबत सावध राहावे लागते.

५. जुना ईसीजी. छातीत दुखत असताना काढलेला नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता आला, तर कोणता बदल ताजा आहे हे डॉक्टरांना ठरवता येते. मात्र ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. काही वर्षांत त्यावरील रेषा पुसट होतात, आणि जपून ठेवण्यासाठी लॅमिनेशन करायला दिला तर उष्णतेने तो काळा पडतो. त्याचे छायाचित्र वेळीच घ्यावे.

डिस्चार्ज कार्डाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे त्या वेळी समोर आले. त्यांतील अनेक जणी आता उतारवयाकडे झुकल्या आहेत. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले होते काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी आजही महत्त्वाचा आहे. पाळी जाण्याच्या वयाआधीच बीजांडकोश काढले गेले असतील, तर हाडे लवकर ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. पंधरा वर्षांनी कंबर दुखू लागल्यावर किंवा मनगट मोडल्यावर डॉक्टर हाच प्रश्न विचारतात, आणि "पिशवी काढली" यापलीकडे त्या माउलीला काही सांगता येत नाही. उत्तर असते ते केवळ डिस्चार्ज कार्डावर. दरवर्षीच्या स्थलांतरात असा एक कागद गहाळ होणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

कसे ठेवावेत?

ड्राइव्ह उघडल्यावर खालच्या कोपऱ्यात अधिकचे चिन्ह किंवा कॅमेऱ्याचे चित्र दिसते. तेथे 'स्कॅन' हा पर्याय असतो. कागद खिडकीजवळ, सपाट जागी ठेवावा. आपली सावली त्यावर पडू देऊ नये. कडा नीट आल्या की ॲप त्याची स्वच्छ प्रत बनवते. एकाच आजारपणाची अनेक पाने एका फाइलीत जोडता येतात. फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी विषय लिहावा. उदाहरणार्थ, '२०२५-११-०४ क्रिएटिनिन'. असे केल्याने फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. स्कॅन झाल्यावर फाइल एकदा उघडून, अक्षरे मोठी करून, गोळीचे नाव वाचता येते की नाही हे पाहून घ्यावे.

व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवले म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. तातडीच्या वेळी ते उपयोगी पडतेच. परंतु सहा महिन्यांनंतर शेकडो संदेशांच्या गर्दीतून तो रिपोर्ट शोधणे कठीण जाते, आणि फोन बदलला तर तो मिळेलच याची शाश्वती नसते.

गावात आणि फडावर रेंजचा भरवसा नसतो. म्हणून औषधांची चिठ्ठी, ॲलर्जीचा कागद आणि शेवटचे डिस्चार्ज कार्ड या फाइलींपुढील तीन ठिपके दाबून 'ऑफलाइन' हा पर्याय चालू करावा. मग इंटरनेट नसतानाही त्या फोनवर उघडतात. दूर असलेल्या मुलानेही आपल्या फोनवर हेच करून ठेवावे.

कोणाला दाखवावेत?

'आईचे दवाखान्याचे कागद' अशा नावाचा फोल्डर करून तो मुलाच्या किंवा मुलीच्या ईमेल पत्त्यावर 'शेअर' करता येतो. सर्व कागद सांभाळणाऱ्या एकाच व्यक्तीला बदल करण्याची परवानगी द्यावी आणि इतरांना केवळ पाहण्याची. त्यामुळे चुकून काही पुसले जाण्याचा धोका कमी होतो. 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय निवडू नये, कारण ती लिंक कोणाच्या हाती पडेल यावर आपला ताबा राहत नाही.

येथे काळजीवाहकांना एक विनंती आहे. हे कागद ज्यांच्या शरीराचे आहेत त्यांना विचारूनच ते इतरांना दाखवावेत. सासूबाईंचा स्त्रीरोगाचा रिपोर्ट जावयाने पाहावा काय, वडिलांच्या मानसोपचाराची चिठ्ठी सर्व भावंडांना दिसावी काय, हा निर्णय त्यांचा आहे. असे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून एकाच विश्वासू व्यक्तीला दाखवता येतात. वय झाले म्हणून संकोच संपत नाही, आणि मान राखला तर सहकार्यही मिळते.

किल्ली कोणाजवळ?

अनेक घरांत खरी अडचण निराळीच असते. फोन घेताना दुकानदाराने ईमेल खाते उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. फोन बंद पडला की खाते आणि त्यातील कागद दोन्ही हातचे जातात. म्हणून कागद ठेवण्यापूर्वी पासवर्ड स्वतः बदलावा, घरातील वहीत लिहून ती वही कपाटात ठेवावी आणि खात्याला विश्वासू अपत्याचा ईमेल पत्ता पर्यायी म्हणून जोडावा. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये. दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून अधूनमधून ते उघडत राहावे.

बँकेचे पासबुक, एटीएमचा पिन किंवा कोणताही पासवर्ड या फोल्डरमध्ये ठेवू नये. "तुमचे आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, ओटीपी सांगा" किंवा "ही फाइल उघडून ॲप घ्या" असे सांगणारा फोन आला तर तो तत्काळ ठेवावा. फसवणूक झालीच तर संकोच न करता १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. सेवा केंद्रातील किंवा दुकानातील संगणकावर खाते उघडले असल्यास निघताना ते बंद केल्याची खात्री करावी.

सरकारी साधने

केंद्र सरकारचे 'डिजिलॉकर' २०१५ पासून उपलब्ध आहे. आधार, वाहन परवाना यांसारखे त्यात थेट संबंधित खात्याकडून आलेले दस्तऐवज कायद्याने मूळ प्रतीइतकेच ग्राह्य असतात. आपण स्वतः स्कॅन करून ठेवलेल्या प्रतीला तो दर्जा नसतो. 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांकही विनामूल्य काढता येतो. या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतील नोंदी आपल्या संमतीने त्यात एकत्र येतात. तथापि गावातील प्रत्येक दवाखाना जोडला जाईपर्यंत आपला फोल्डर आपणच सांभाळणे भाग आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून देऊ नयेत. विम्याच्या दाव्यासाठी आणि पुढील तपासण्यांसाठी ते लागतात. पिशवी खुंटीलाच राहू द्यावी. फक्त ती कोठे आहे हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. औषधांच्या नावांची एक चिठ्ठी आजीच्या बटव्यात किंवा आजोबांच्या खिशात असू द्यावी. फोनची बॅटरी संपली तरी ती वाचता येते.

पुढील अंक हाती येण्यापूर्वी एका रविवारी अर्धा तास काढावा. नातवंडाने फोन धरावा, आजी-आजोबांनी पिशवीतील एकेक कागद काढून द्यावा आणि तो कशाचा हे सांगावे. दहा कागद झाले की थांबावे. मग दूर असलेल्या मुलाला फोन करून त्याच्या मोबाइलवर औषधांची चिठ्ठी उघडते काय, हे विचारावे. त्याने गोळीचे नाव वाचून दाखवले, म्हणजे काम पूर्ण झाले असे समजावे.