दार मिटण्यापूर्वी

कोकणातील बेने इस्राएल हे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. वर्षातून एक दिवस मात्र ते घराचे दारही लावून घेत आणि उपवास व प्रार्थनेत राहत. या दिवसाचे त्यांचे मराठी नाव ‘दारफळणीचा सण’. हिब्रूमध्ये त्याला ‘योम किप्पूर’, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात.

ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी तो येतो. आदल्या सूर्यास्तापासून सुमारे २५ तास अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. चौविहार उपवास करणाऱ्यांना ही कठोरता परिचित आहे. स्नान आणि चामड्याचे जोडेही सुखोपभोग म्हणून टाळले जातात. ज्याच्या जिवाला धोका आहे, अशा रुग्णाने मात्र उपवास करू नये, असा दंडक आहे. प्रार्थनेत पापांची कबुली ‘मी’ म्हणून नव्हे, तर ‘आम्ही’ म्हणून दिली जाते.

तथापि एवढ्याने सर्व ऋण फिटत नाही. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला ‘मिश्ना’ हा ग्रंथ सांगतो, की या दिवशी ईश्वराविरुद्ध घडलेल्या अपराधांचे क्षालन होते. माणसाविरुद्ध घडलेल्या अपराधाचे मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय होत नाही. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मायमोनिडीस यांनी याचा तपशील दिला आहे. बुडवलेली रक्कम परत केली तरी क्षमा मागावीच लागते. समोरच्याने नकार दिल्यास तीन जणांना सोबत नेऊन पुन्हा विनवावे. असे तीनदा करावे. त्यानंतरही तो अडून राहिला, तर दोष त्याचा. धनको मरण पावला असल्यास दहा जणांसमक्ष त्याच्या कबरीपाशी कबुली द्यावी आणि रक्कम वारसांना द्यावी. वारस ठाऊक नसल्यास ती न्यायसभेकडे जमा करावी.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चा एकच संदेश शेकडो भ्रमणध्वनींवर जातो. हिशेबावरून ज्याच्याशी अबोला आहे, त्या जुन्या भागीदाराचेही नाव त्या यादीत असते. त्याच्या पेढीची पायरी मात्र कोणी चढत नाही.

दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी बेने इस्राएल ‘शिळा सण’ पाळीत. दारे उघडत, दानधर्म होई, स्नेह्यांच्या भेटी घडत. ज्याने दार मिटण्यापूर्वीच आपले येणेदेणे निस्तरले असेल, त्यालाच त्या भेटीत समोरच्याच्या नजरेला नजर देता येत असेल.